पालकाची सही

पालकसभेला गेलं की माणसाचं वय एकदम तीस वर्षांनी कमी होतं. हायस्कुलाच्या फाटकापर्यंत मी भिवंडीतला एक करदाता नागरिक असतो; नववी-ब च्या बाकात गुडघे कोंबले की थेट गृहपाठ न केलेला मुलगा होतो. त्यातून मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू. त्या खटाखटीवर मात करायची म्हणून इथल्या बाईंचा आवाज कायम वरच्या पट्टीत. त्यामुळे "मुलगा हुशार आहे" हे वाक्यसुद्धा ठपका ठेवल्यासारखं ऐकू येतं. अर्थात, ते मी इतरांच्या मुलांबद्दलच ऐकलं आहे.

सभेची सुरुवात ठरलेली. न आलेल्या पालकांबद्दल आलेल्या पालकांना रागवायचं. "पालकांना वेळच नाही! काळजीच नाही!" आणि रजा टाकून आलेले आम्ही मान खाली घालून ऐकतो.

यंदा मी पहिल्या बाकावर होतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात. (इच्छुक म्हणून माझं नाव सौभाग्यवतींनी दिलं होतं.) प्राचीन अथेन्समध्येही पाचशे जणांचं मंडळ असंच चिठ्ठ्यांनी निवडत. तिथं सॉक्रेटिसाचा नंबर लागला होता, इथं माझा. पुढं सॉक्रेटिसाचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहेच.

बाईंनी चिरंजीवांचं प्रगतिपुस्तक माझ्यापुढं धरलं. गणित, वीसपैकी पाच. शेजारी पालकाची सही. म्हणजे माझी. म्हणजे, माझी नव्हे.

"ही सही आपलीच ना? मग भेटायला का नाही आलात?"

सही मोठी सुबक होती. बँकेत दोघांचे चेक टाकले असते तर त्याचा वटला असता आणि माझा परत आला असता.

आता काय बोलावं? काण्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७ साली निबंध लिहून बजावलं आहे, की खुनी दारात येऊन "तुझा मित्र घरात आहे का?" असं विचारू लागला तरी खोटं बोलता कामा नये. काण्ट ब्रह्मचारी. तरुणपणी काही वर्षं लोकांच्या घरी राहून त्यांची मुलं शिकवायचा. म्हणजे पालकसभेत तो टेबलाच्या पलीकडेच बसला असता. उलट कन्फ्यूशियसचं पाहा. एका सरदारानं त्याला अभिमानानं सांगितलं, आमच्याकडे बापानं मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. तो म्हणाला, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला, आणि सरळपणा आम्ही त्यातच मानतो. कन्फ्यूशियसला मुलगा होता, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. आपल्या धर्मराजानं मध्ये हत्ती घालून वेळ निभावली. माझ्याजवळ हत्ती नव्हता.

"हो, माझीच," मी म्हणालो.

पोराला वाचवलं, असं वाटून क्षणभर छाती फुगली. पण ते काही खरं नव्हतं. समितीवरचा माणूस मी! 'माझ्या घरात काय चाललंय ते मला ठाऊक नाही' हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा 'ठाऊक होतं, पण दुर्लक्ष झालं' हा गुन्हा मला हलका वाटला होता, इतकंच. काण्टला नाकारून मी कन्फ्यूशियसकडेही पोचलो नव्हतो.

मागच्या बाकावर एक गृहस्थ होते. मूळचे सोलापूरकडचे. बारा तासांची रात्रपाळी करून तसेच आलेले; केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. बाईंनी त्यांनाही विचारलं, ही सही तुमचीच ना?

"नाही बाई, पोरगंच करतंय. मला कुठं येतंय लिव्हायला? पण आधी समदं वाचून दाखवतंय. नापास झालं तेबी दाखवलं."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. दोन्ही पोरांनी केलं होतं तेच, बापाच्या नावाची सही.

घरी येऊन चिरंजीवांना समोर उभं केलं. "माझी सही कधीपासून करतोस?"

"पहिल्या चाचणीपासून."

मी पुस्तक उघडलं. वरच्या ओळीत गणित, वीसपैकी अठरा. शेजारी तीच सुबक सही. "अरे, अठरा मार्कांना सही चोरायचं कारण काय?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं. तुम्ही आलात तेव्हा मी झोपलो होतो. उठलो तेव्हा तुम्ही गेला होतात."

आता भिवंडीत राहून मुंबईत नोकरी करायची, म्हणजे आधी कल्याण नाहीतर ठाणं गाठायचं, मग लोकल. आमचं भिवंडी रोड स्टेशन पडलं दिवा-वसई मार्गावर, ते मुंबईला जायच्या कामाचं नाही. हे सगळं त्याला समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण ते अठरा मार्क मी आत्ता पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाबा, बाईंनी विचारलं का सहीबद्दल?"

"विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"आईला पानं घ्यायला सांग," मी म्हणालो.