किंमत आणि खंडणी

सिगारेट ओढणे अधिक खर्चाचे की ई-सिगारेट ओढणे अधिक खर्चाचे, हा प्रश्न सकृद्दर्शनी निव्वळ अंकगणिताचा वाटतो. दोन्हीकडील रकमा मांडाव्या, वजाबाकी करावी, आणि जिकडे आकडा लहान तिकडे शहाणपण आहे असा निकाल देऊन मोकळे व्हावे. इंग्लंडसारख्या देशांत हे गणित नित्य मांडले जाते. आणि तेथे शिक्षणास किंवा नोकरीस गेलेल्या आपल्या मुलांच्या तोंडून ते आता आपल्याही घरांत ऐकू येऊ लागले आहे. ‘सिगारेट सोडली, आता व्हेप ओढतो, खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आला,’ असे चिरंजीवांनी सांगितले म्हणजे वडिलांनी आनंद मानावा की चिंता करावी, हे त्यांना चटकन उमगत नाही. हा जो क्षणभराचा गोंधळ, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. तो केवळ अज्ञानाचा गोंधळ नव्हे. त्यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे.

प्रथम गणितच प्रामाणिकपणे मांडू. वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाचे गाव आहे. नागपूर–वर्धा लोहमार्गाने त्याला इतके आपलेसे केले आहे की, त्याचे नाव लिहिताना पुढे ‘रेल्वे’ हा शब्द जोडावाच लागतो. या गावाहून नोकरीसाठी नागपुरास रोज जाऊन येणारा एखादा कारकून आपण कल्पनेने उभा करू. तो दिवसास दहा सिगारेटी ओढतो आणि एका सिगारेटीस पंधरा रुपये पडतात, असे उदाहरणादाखल धरू. दिवसाचे १५० रुपये, महिन्याचे ४,५०० आणि वर्षाचे ५४,७५० रुपये झाले. तीस वर्षांच्या नोकरीत, भाव एका पैशानेही वाढला नाही असे मानले तरी, सोळा लाखांवर रक्कम धुरात जाते. आता हाच गृहस्थ व्हेपकडे वळला आणि त्याचा खर्च खरोखरच तिसऱ्या हिश्श्यावर आला, तर महिन्याकाठी तीन हजार रुपये वाचतील. तीन हजारांत मुलीच्या शिकवणीची फी भागते, आईचे औषध येते. हे गणित खोटे नाही, आणि ते मांडणारा मनुष्य लबाड आहे असेही नाही.

तथापि या गणितात काही रकाने कोरे राहिले आहेत. पहिला रकाना कायद्याचा. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकुमाने आणि त्याच वर्षी पुढे संसदेच्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात या सर्वांवर बंदी घालण्यात आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे इंग्लंडात ज्या वस्तूची किंमत दुकानाच्या काचेवर लिहिलेली असते, ती येथे दाराआडून मिळते. ज्या जिल्ह्यात अनेक दशके दारूबंदी आहे त्या वर्धा जिल्ह्यातील लोकांस हे समजावून सांगावयास नको, की चोरून विकल्या जाणाऱ्या वस्तूस भाव नसतो, सौदा असतो. तिची पावती नसते. द्रवात काय मिसळले आहे हे कळावयास मार्ग नसतो. फसवणूक झाली तरी दाद मागावयास तोंड नसते. या साऱ्याची रक्कम कोणत्या रकान्यात लिहावी?

दुसरा कोरा रकाना मोजमापाचा. सिगारेट जळून संपते. तिचे थोटूक बोटांस चटका देऊन सांगते, की एक झाली. दहाचे पाकीट रिकामे झाले म्हणजे ओढणारास, इच्छा असो वा नसो, आपला हिशेब समजतो. व्हेपची गोष्ट निराळी आहे. त्यात तंबाखू जळत नाही. निकोटिन मिसळलेला सुगंधी द्रव बॅटरीच्या उष्णतेने तापतो आणि त्याचे बाष्प ओढावयाचे असते. त्यास आरंभ नाही, शेवट नाही, राख नाही. टेबलावर काम करताना एक झुरका, जिना उतरताना दुसरा, निजण्यापूर्वी तिसरा. ज्या वस्तूचा ‘नग’ राहिला नाही तिचे गणित नगावर मांडणे म्हणजे वाहत्या पाण्यास गाठी मारण्यासारखे आहे. द्रवाची कुपी लवकर संपू लागली तरी आपण अधिक ओढतो आहोत हे मनास पटत नाही; कुपीच लहान होती असे वाटते.

परंतु हे दोन्ही रकाने भरून काढता आले आणि व्हेप खरोखरच स्वस्त ठरले, असे क्षणभर मान्य करू. म्हणून ते श्रेयस्कर ठरेल काय? स्वस्ताई हीच कसोटी असेल तर व्हेप आणि सिगारेट या दोहोंना मागे सारून पहिला मान बिडीस द्यावा लागेल. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांत भर उन्हाळ्यात तोडलेले तेंदूचे पान, चिमूटभर तंबाखू आणि बिडी वळणाऱ्या बाईची तुटपुंजी मजुरी, यांपासून झालेली ही वस्तू गरिबाच्या खिशास सर्वांत कमी जड. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील प्रौढांपैकी ७.७ टक्के बिडी ओढणारे आढळले, सिगारेट ओढणारे ४ टक्के. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटीवर कराखेरीज जो अधिभार बसला, त्यातूनही बिडी सुटली. आणि ही स्वस्त बिडी सिगारेटीहून निरुपद्रवी मुळीच नाही. पान सच्छिद्र नसल्याने ती विझू नये म्हणून जोराने आणि वरचेवर ओढावी लागते. तिच्या धुरात निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण अधिक असते. स्वस्तपणाने बिडी चांगली ठरत नाही, हे आपण सर्वच जण तात्काळ मान्य करतो. मग तोच युक्तिवाद इंग्रजी नावाच्या चकचकीत नळीस लावला म्हणजे तो खरा कसा होतो?

येथे मूळ मुद्द्यापाशी आपण येतो. ‘किंमत’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. बाजारात भाजीची जुडी हातात घेतली, भाव विचारला, पटला नाही म्हणून परत ठेवली आणि पुढे चाललो. तेव्हा ज्या आकड्यास आपण नकार दिला ती किंमत. नकार देण्याची शक्ती असेल तरच किंमत या शब्दास अर्थ आहे. जेथे नकार उरलेला नाही, जेथे पहाटे उठताच हात आपोआप खिशाकडे जातो आणि पैसे नसले तर उसने घेऊनही पानठेला गाठावा लागतो, तेथे मनुष्य जे देतो ती किंमत नव्हे. त्यास आपल्या भाषेत जुना आणि नेमका शब्द आहे: खंडणी. खंडणी देणारा घासाघीस करू शकतो, हप्ता बांधून घेऊ शकतो, परंतु ‘नको’ म्हणून पुढे जाऊ शकत नाही. सिगारेटीवरून व्हेपवर गेलेल्या मनुष्याने काटकसर केली असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. काटकसर स्वतंत्र माणसाचा गुण आहे. याने केले ते एवढेच, की खंडणी कमी करून घेतली.

आता खंडणी कमी करून घेणे हे मूर्खपणाचेच असते काय? नाही, आणि नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात राहणाऱ्यास त्याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने जवळजवळ दहा वर्षे मराठ्यांच्या स्वाऱ्या सोसल्या आणि अखेरीस १७५१ साली रघूजी भोसल्यांशी तह करून वर्षाला बारा लाख रुपये चौथाई देण्याचे कबूल केले. त्याच्या स्थितीत तो तह शहाणपणाचा होता. गावे जळावयाची थांबली, शेतकरी शेतावर परतला. तीस वर्षे सिगारेट ओढून ज्याची फुफ्फुसे काजळली आहेत, सोडण्याचे चार प्रयत्न ज्याचे फसले आहेत, अशा मनुष्यास डॉक्टर जर म्हणतील की ‘निदान जळणारा धूर तरी थांबव,’ तर तो अलीवर्दीचा तह आहे. तंबाखू जळत नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतात, घातक द्रव्यांचा मारा पुष्कळ कमी होतो, हे वैद्यकास मान्य आहे. निकोटिनची बेडी मात्र पायात राहते, आणि अनेक दशकांचे परिणाम सांगावयास ही वस्तू अद्याप पुरेशी जुनी झालेली नाही. या मर्यादा ओळखून केलेल्या तहास नावे ठेवण्याचा अधिकार, कधीही न वेढल्या गेलेल्या किल्ल्यात बसून उपदेश करणारास नाही.

परंतु ज्याच्या मुलखावर स्वारी झालेलीच नाही, त्याने शेजारी बारा लाख देतो म्हणून आपण होऊन चार लाखांची खंडणी कबूल करावी आणि आठ लाख वाचवले म्हणून आनंदोत्सव करावा, हे कोणत्या राजनीतीत बसते? अठरा वर्षांचा जो मुलगा कधीच सिगारेट ओढत नव्हता, तो जेव्हा ‘व्हेप स्वस्त पडते’ म्हणतो, तेव्हा कशाहून स्वस्त, हे त्यास विचारले पाहिजे. त्याची तुलना शून्याशी आहे, आणि शून्याहून स्वस्त काही नसते. एकच आकडा एकास सुटकेची पायरी आणि दुसऱ्यास गुलामगिरीचा उंबरठा होतो, तो यामुळे. इंग्लंडच्या सरकारने २०२३ साली दहा लाख धूम्रपान करणारांस व्हेप पुरविण्याची योजना जाहीर केली आणि तेथेच १ जून २०२५ पासून मुलांच्या हाती सहज पडणाऱ्या, एकदा वापरून फेकावयाच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात; पण मांडलिकास तह आणि स्वतंत्रास तटबंदी, असा त्यांचा अर्थ लावला म्हणजे विरोध मावळतो.

सिंदीस तान्हा पोळ्याचा मोठा लौकिक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले सजविलेले लाकडी बैल घेऊन निघतात. लाकडाचा बैल नांगर ओढत नाही. पण त्याची दोरी हाती धरून मूल शेतकऱ्याचे जिणे शिकते. खेळण्याचे सामर्थ्य असे असते. फळांच्या आणि मिठाईच्या वासाची, पेनाएवढी, रंगीत नळी हेही एक खेळणेच आहे. त्याने मूल काय शिकते, याचा विचार ते खेळणे किती रुपयांस मिळते या विचाराच्या आधी झाला पाहिजे. गांधीजी १९३६ पासून ज्या सेवाग्रामात राहिले ते याच जिल्ह्यात. बारा-तेराव्या वर्षी काकांनी टाकलेली थोटके ओढण्याचा आणि पुढे बिडीसाठी नोकराच्या खिशातील पैसे चोरण्याचा प्रसंग त्यांनी आत्मकथेत नोंदविला आहे. रक्कम मोजली तर ती तांब्याची काही नाणी. पण वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून काहीच करता येत नाही या जाणिवेचा जो भार त्या कोवळ्या मनावर पडला, त्याने त्यांस जीव नकोसा होण्यापर्यंत नेले. हा भार कोणत्याही दुकानाच्या पावतीवर छापला जात नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. परंतु जो कमी घातक तो व्हेप बेकायदा आणि जी अधिक घातक ती सिगारेट प्रत्येक नाक्यावर उघड, हा कोठला न्याय? हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यास बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. शासन एका हाताने पाकिटावर कर्करोगाचे चित्र छापावयास लावते आणि दुसऱ्या हाताने कर घेते. तंबाखूच्या व्यापाराच्या अभिवृद्धीसाठी १९७५ च्या कायद्याने स्थापिलेले मंडळही त्याचेच. बरे, हा व्यवहार फायद्याचा तरी आहे काय? २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूजन्य रोगांनी व अकाली मृत्यूंनी देशाचे १,७७,३४१ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. उत्पादनशुल्काच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे समाजास ८१६ रुपये मोजावे लागले. तेव्हा शासनही येथे व्यापारी नसून खंडणीतला वाटेकरी आहे, आणि तोट्यातला वाटेकरी आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटींची व बिड्यांची विक्री बंद करण्याचा आदेश काढला, तो या दृष्टीने मार्मिक होता. कारण एकेक नग विकत घेणारास आपण वर्षाला किती देतो हे कधी दिसतच नाही. आदेश पानठेल्यापर्यंत पोहोचेल तेवढाच त्याचा उपयोग. पण जुनी विषमता दूर करावयाची ती जुने विष आवरून. नव्या विषास परवाना देऊन नव्हे.

मग त्या वडिलांनी चिरंजीवांस काय उत्तर द्यावे? मुलगा पूर्वी खरोखर सिगारेटीच्या आहारी गेलेला असेल, तर त्यास अव्हेरू नये. ‘तह केलास, बरे झाले,’ असे म्हणावे, आणि लगेच विचारावे, ‘तहाची मुदत किती?’ कारण मुदत नसलेला तह म्हणजे कायमचे मांडलिकत्व. वाचलेल्या पैशाचा हिशेब घरात कौतुकाने ऐकावा, पण त्यासोबत निकोटिनचे प्रमाण महिन्यागणिक किती उतरले याचाही हिशेब मागावा. मुलगा मुळातच न ओढणारा असेल आणि मित्रांच्या संगतीने नवा लागलेला असेल, तर खर्चाची भाषाच त्याच्याशी बोलू नये; ती बोलल्याने अर्धा वाद आपण हरतो. त्यास एवढेच सांगावे, की उद्या सकाळपासून सात दिवस ही नळी कपाटात ठेवून पाहा. ते सहज जमले तर तू अद्याप गिऱ्हाईक आहेस. भाव विचारावयास आणि नाकारावयास मोकळा आहेस, आणि नाकारण्याची वेळ हीच. जमले नाही, तर स्वस्त की महाग हा वाद तूर्त बाजूस ठेवू. आपण दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ.