उन्हाचं पथ्य

मुदखेडच्या फुलमळ्यांत तोडणी पहाटेच सुरू होते. ऊन चढायच्या आत माल नांदेडच्या वाटेला लागलेला बरा. तोडणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, तोंडाला रुमाल गुंडाळतात. चहूकडे ऊन मुबलक, पण कातडीला भिडतं ते थोडंच. अंग दुखतं, थकवा जात नाही म्हणून तपासणी केलेल्या बाईच्या रिपोर्टात ड जीवनसत्त्व कमी निघालं, तर नवल वाटत नाही. मग साठ हजार युनिटची पुडी सुरू होते, आठवड्याला एक, दुधातून.

याच्या अगदी उलट सांगणारा एक उपचार आहे. जुनाट आजारातून उठायचं असेल तर ड वाढवू नका, टाळा, असं तो म्हणतो. गोळी नको, ड असलेलं अन्न नको, ऊनही नको. काळा चष्मा, अंगभर कपडे, खिडक्यांना पडदे. सोबत ऑल्मेसार्टन हे रक्तदाबाचं औषध नेहमीपेक्षा बरंच जास्त आणि प्रतिजैविकांचे लहान डोस, वर्षानुवर्षं. तो मांडला ट्रेव्हर मार्शल यांनी. त्यांची डॉक्टरेट विद्युत अभियांत्रिकीतली. सार्कॉइडोसिसपासून सुरुवात झाली आणि हळूहळू इतर अनेक जुनाट आजार त्याच्या पोटात आले.

मला हा उपचार धोक्याचा वाटतो. तरी वेडगळपणा म्हणून तो झटकून टाकावा असं वाटत नाही, कारण ज्या जागेवरून तो निघाला ती जागा पक्की आहे.

सार्कॉइडोसिसमध्ये फुप्फुसात, लसिकाग्रंथींत पेशींच्या बारीक गाठी होतात. क्षयातल्या गाठींशी त्यांचं इतकं साम्य की आपल्याकडे कित्येकांना आधी क्षयाचीच औषधं चालू होतात. एरवी शरीर ड जीवनसत्त्वाचं शेवटचं, कामाचं रूप मूत्रपिंडात, अगदी बेताबेताने तयार करतं. सार्कॉइडोसिसच्या गाठी तेच काम कुणाला न विचारता करत सुटतात. १९८१ साली मूत्रपिंडंच नसलेल्या एका सार्कॉइडोसिसच्या रुग्णात हे दिसून आलं: मूत्रपिंडं नसूनही ते कामाचं रूप रक्तात जास्त, आणि कॅल्शियमही चढलेलं. कारखाना दुसरीकडेच चालू होता.

आता रिपोर्टाकडे बघा. नेहमीच्या तपासणीत मोजतात ते ड चं साठ्यातलं रूप. गाठी तो साठा भराभर वापरतात, म्हणून आकडा कमी दिसतो. तो पाहून पुडी दिली तर कॅल्शियम चढतं, तहान लागते, उलट्या होतात, मुतखडा होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. अशा माणसाला डॉक्टरच सांगतात की पुडी बंद, कडक ऊनही टाळा. म्हणजे उन्हाचं पथ्य हे खरं पथ्य आहे. ते एका आजाराचं आहे, आणि त्यातही ज्यांचं कॅल्शियम वर जातं त्यांचं.

मार्शल यांचं दुसरं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे: कमी ड हे आजाराचं कारण नसून आजाराचा परिणाम असावा. या बाजूने पुरावा बराच जमला आहे. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोक होते. रोज दोन हजार युनिट ड घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण घटलं नाही. मंगोलियात शाळकरी मुलांना ड देऊन क्षयाचा संसर्ग टळतो का ते पाहिलं, टळला नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने निरोगी प्रौढांची सरसकट ड तपासणी नको असं सुचवलं. आपल्याकडे थकव्याला पुडी हे जे समीकरण झालं आहे, त्याला यातून चांगलाच धक्का बसतो.

पण इथून पुढचं पाऊल बारकाईने पाहायला हवं. कमी ड हा नुसता परिणाम असेल, तर तो आकडा वाढवून आजार जाणार नाही, एवढंच सिद्ध होतं. आकडा आणखी खाली ओढल्याने आजार जाईल, हे त्यातून कुठेच निघत नाही. क्षयात वजन उतरतं ते आजारामुळेच, म्हणून कुणी रुग्णाला आणखी वाळवत नाही. उलट झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात क्षयरुग्णांना सकस शिधा दिला, आणि ज्यांचं वजन पहिल्या महिन्यांत भरलं त्यांच्यात मृत्यू कमी दिसले. परिणाम म्हणून आलेली उणीवही माणसाला मारू शकते.

ही उडी सांधायला मार्शल म्हणतात की ड प्रतिकारशक्तीला दाबून धरतं आणि पेशींत दडलेले जंतू त्यामुळे टिकून राहतात. हे ठरवायला एका गटाला उपचार आणि दुसऱ्याला दिसायला तसंच पण निष्क्रिय औषध देऊन तुलना करावी लागते. अशी चाचणी या उपचाराच्या पाठीशी नाही. त्यात एक नियम असा की त्रास वाढला तर जंतू मरताहेत असं समजायचं. आधी आजार उफाळतो आणि मग जातो, हे आपल्या कानांना ओळखीचं आहे, म्हणून ते पटतंही लवकर. पण बरं वाटलं तर उपचार लागू, आणि बिघडलं तरीही लागू, असं ठरलं की थांबायचं कधी हे रुग्णाला कळायला वाटच उरत नाही. ऑल्मेसार्टनने काहींना महिनोन्महिने जुलाब लागून वजन घटतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली दिला. तेही या नियमात सुधारणेची खूण ठरू शकतं.

मुदखेडला तर हा उपचार आणखी वेगळा पडतो. काही पाश्चात्त्य देशांत दुधात, न्याहारीच्या पदार्थांत ड मिसळलेलं असतं, तिथे बरंचसं पथ्य ताटात पाळता येतं. आपल्या ज्वारीच्या भाकरीत, वरणात, भाजीत ड जवळजवळ नसतंच. इथलं ड येतं उन्हातून, आणि डिसेंबरातही भर दुपारी इथे माणसाची सावली त्याच्या उंचीहून आखूड पडते, म्हणजे कातडीत ड बनण्याजोगं ऊन बारा महिने आहे. तेव्हा इथे ड टाळायचं म्हणजे मळा सोडून घरात बसायचं. रोजावर जगणाऱ्या बाईने हे करायचं कसं? दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात वावरणाऱ्या सैनिकांचं ड ठीक होतं आणि इस्पितळातल्या डॉक्टर-नर्सेसचं कमी. म्हणजे अंधारात न बसताही आपल्यातले पुष्कळ लोक काठावरच आहेत.

काठावरून आणखी खाली गेलं की अस्थिमृदुता येते. हाडं मऊ पडतात, कंबर-मांड्या ठणकतात, जिना चढताना पाय भरून येतात, चाल डुलती होते. पडदे लावून बसलेल्या रुग्णाला हा ठणका जंतू मेल्याचा वाटेल. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या साध्या तपासण्यांतून संशय पक्का करता येतो; त्या नांदेडला होतात. पथ्य लागणाऱ्या सार्कॉइडोसिसच्या रुग्णाचं कॅल्शियम चढलेलं असतं, अस्थिमृदुतेत ते सामान्य किंवा कमी असतं. एकाला ऊन वर्ज्य, दुसऱ्याला ऊन आणि ड दोन्ही हवं, आणि दोघांच्याही रिपोर्टात ड चा आकडा सारखाच कमी असू शकतो.