आई कुठली, मूल कुठलं?

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेलं की एका आईने कोरवून घेतलेला लांबलचक लेख दिसतो. गौतमी बलश्री ही सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि दानाच्या निमित्ताने मुलाचं कौतुक मन भरून लिहवून घेतलं. त्याने शक, यवन, पह्लवांचा निःपात केला, हे त्यात ठसठशीत आहे.

त्याच डोंगरातल्या दहाव्या लेण्यात पुढच्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. तोही एका आईचाच. विष्णुदत्ता तिचं नाव. शक अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई. तिने गोवर्धनातल्या तेल्यांसह निरनिराळ्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव ठेवली आणि व्याजातून आजारी भिक्षूंचं औषधपाणी व्हावं अशी तजवीज केली. ज्या शकांचा निःपात केल्याचा डांगोरा शेजारच्या लेण्यात पिटला आहे, त्यांच्यातलीच ही बाई. आपण शक आहोत हे ती लपवत नाही आणि त्यामुळे तिचं दान अडलेलंही दिसत नाही.

अर्थात ही पैसेवाल्या घरची बाई. ज्यांनी छिन्नी चालवली, ज्यांनी दगडाचा भुगा पाट्यांतून उपसला, त्यांच्या घरच्या बायकांचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही. शिवाय गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईवरून नावं होती म्हणून सातवाहनांच्या काळात आईची सत्ता होती असं मानायचं कारण नाही. गादी बापाकडूनच मुलाकडे जात होती. तरीही बाहेरून आलेल्यांची लेक इथली आई म्हणून ओळखली जाऊ शकते, हा विचार नाशिकच्या डोंगरात तेव्हाच कोरला गेला होता. पुढे आपण तो किती पाळला, हे पाहण्यासारखं आहे.

स्वतंत्र भारताचा नागरिकत्वाचा कायदा 1955 चा. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय होता येईल, पण बाप भारतीय असेल तरच, असं त्यात होतं. आई भारतीय असून उपयोग नव्हता. 1962 साली चीनशी युद्ध झालं आणि परकीयांविषयीच्या कायद्यात घाईने बदल झाला. आईबापांपैकी कुणीही किंवा आजीआजोबांपैकी एखादं जरी कधीकाळी शत्रुदेशाचं नागरिक असलं, तरी त्या माणसाला परका ठरवता येऊ लागलं. हक्क द्यायचा तेव्हा आईचं रक्त मोजायचं नाही आणि संशय घ्यायचा तेव्हा आजीचंसुद्धा मोजायचं, असा हा हिशेब. इतका उघडावाघडा दुटप्पीपणा कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडतो.

त्यात सापडले ते आसामातल्या माकुमचे, दार्जिलिंगचे, शिलाँगचे चिनी. सुमारे तीन हजार माणसं आगगाडीत घालून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली. काहींना तिथं चार वर्षांहून जास्त काढावी लागली. जॉय मा यांचा तर जन्मच त्या छावणीतला. पुढे दिलीप डिसूझा यांच्यासोबत त्यांनी या माणसांच्या हकिगतींचं पुस्तक लिहिलं, ते 2020 साली आलं. कित्येक घरांत बाप चिनी तर आई आसामी, खासी किंवा नेपाळी होती. अशा बायका मुलांमागे छावणीत गेल्या.

भारतातल्या चिनी समाजातल्या बायकांच्या कष्टांकडे आपलं लक्ष कमीच गेलं. चिन्यांमधल्या हक्का समाजाचं नाव आपल्याला नूडल्समुळे माहीत. पण त्या समाजात बायकांचे पाय बांधण्याची चाल नव्हती, कारण शेतावर त्यांनाच राबायचं असे. कोलकात्याच्या टांगऱ्यात कातडी कमावण्याच्या घरच्या कारखान्यांत त्या पुरुषांच्या बरोबरीने राबल्या, मोठ्या शहरांत ब्युटी पार्लर चालवून त्यांनी मुलं शिकवली. धंद्याच्या पाटीवर नाव मात्र बहुधा कर्त्या पुरुषाचंच.

खुद्द चीनमध्ये गंमत उलटी. तिथं 1958 पासून हुकोऊ ही कुटुंबाच्या नोंदणीची पद्धत पक्की झाली आणि मुलाला नोंदणी मिळायची ती आईची. आई खेड्यातली असेल तर बाप शहरात नोकरीला असला तरी मूल कागदावर खेड्यातलं, शहरातल्या शाळा-दवाखान्यांच्या हक्काबाहेरचं. 1998 साली बापाकडून नोंदणी घेण्याची मुभा मिळाली. आईवरून मूल ठरवणं दर वेळी आईच्या भल्याचंच असतं असं नाही, हे यावरून कळतं. ज्याला देणं टाळायचं, त्याला टाळण्यासाठी कधी बाप कामाला येतो, कधी आई.

आपल्याकडे सुधारणा आली ती हळूहळू. 1992 मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात आई बापाच्या बरोबरीला आली. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक मानलं. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलाच्या सरकारी कागदांवर त्याच्या नावामागे आधी आईचं नाव, मग वडिलांचं. सातवाहनांच्या मुलखात आईचं नाव परत आलं म्हणायला हरकत नाही.

पण कागदावर नाव येणं वेगळं आणि मजुरी हातात पडणं वेगळं. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला पहाटे जाऊन पाहावं. पेठ, हरसूलकडून जीपगाड्या भरून बायका उतरतात आणि बागाईतदार एकरी उक्त्याचा भाव ठरवून त्यांना नेतात. छाटलेल्या काडीच्या एकेका डोळ्याला हाताने पेस्ट लावायची. ती अंगाला लागली की आग होते. पोर बरोबर असेल तर मांडवाच्या तारेला झोळी, आणि झोका द्यायला सहासात वर्षांची थोरली. ती शाळेत का नाही, हे कुणी विचारत नाही. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी 1979 साली कायदा झाला, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. सुरगाण्याहून सुरतेकडे ऊसतोडीला जाणारी बाई त्यात बसू शकत होती. निफाडला येणारी नाही. आणि ऊसतोडीत तरी काय? नवराबायको मिळून एक कोयता मोजायचा, आणि आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात पेठ, सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या बायका होत्या. फोड आलेल्या त्यांच्या पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, हळहळले. त्या मागत होत्या वनहक्काचा पट्टा, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार तो नवराबायको दोघांच्या नावावर व्हायचा असतो. आईच्या राबण्याला थेट जमीन जोडणारा एवढा स्पष्ट कायदा आपल्याकडे दुसरा मला आठवत नाही. हळहळीपेक्षा तो जास्त कामाचा.

नाशिकच्या द्राक्ष बागाईतदारांना म्हणूनच एक विनंती. निर्यातीसाठी बागेतल्या प्रत्येक फवारणीची नोंद तुम्ही चोख ठेवताच. येत्या छाटणीला त्याच वहीत एक पान वाढवा. त्यावर प्रत्येक बाईचं नाव, तिचं गाव आणि तिने केलेलं काम लिहा, आणि तिची मजुरी मुकादमाच्या किंवा नवऱ्याच्या नव्हे, तिच्याच हातात द्या.