प्रमाद आणि दायित्व : मद्यपान करून वाहन चालवण्याचा नैतिक विचार

आषाढातील गटारी असो वा ३१ डिसेंबरची रात्र, महाराष्ट्रातील शहरांत नाकाबंदी लागते, चालकांच्या श्वासाची तपासणी होते आणि मद्यपान केलेल्यांवर कारवाई होते. मात्र या कारवाईच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न क्वचितच विचारात घेतला जातो. दोष ठरवायचा तर कर्त्याला आपल्या कृतीचे भान असावे लागते, आणि मद्य नेमके तेच भान हिरावून घेते. मग त्या अवस्थेत घडलेल्या अपघाताचा दोष चालकावर कोणत्या आधारावर ठेवायचा?

ग्रीसमधील मितिलीनी नगराचा शासक पिट्टाकस याने इ. स. पू. सहाव्या शतकात नशेतील अपराधाला शुद्धीतील अपराधाच्या दुप्पट शिक्षा ठरवली होती. अशा दुप्पट शिक्षेमागचे कारण ॲरिस्टॉटल देतो ते असे की, नशेतील अज्ञान त्या माणसाने स्वतःच ओढवून घेतलेले असते, कारण न पिणे त्याच्या हाती होते. भारतीय न्याय संहितेचे कलम २४ याच दिशेने जाते : स्वेच्छेने नशा केलेल्या माणसाला शुद्धीत असताना जी जाणीव असती, तीच त्याच्या ठायी होती असे कायदा धरून चालतो. दोषाचा आरंभ अशा रीतीने अपघाताच्या क्षणापासून मागे, पहिल्या पेल्याच्या आधी सरकतो.

बौद्ध पंचशीलातील पाचवे शील याच आधीच्या क्षणाशी संबंधित आहे. हिंसा, चोरी, व्यभिचार व असत्य यांपासून दूर राहण्याची पहिली चार शीले इतरांना होणाऱ्या इजेचा विचार करतात, तर पाचवे मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, कारण मानून ही चारही शीले सांभाळणाऱ्या चित्ताचेच रक्षण करते. चरकसंहितेत धी (योग्यायोग्य जाणणारी बुद्धी), धृती (मनाला आवरणारी शक्ती) आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या चुकीच्या आचरणाला ‘प्रज्ञापराध’ म्हटले आहे. ‘मला काही चढलेली नाही’ असा निर्वाळा देणारी बुद्धी हीच मद्याने बाधित झालेली असल्यामुळे त्या निर्वाळ्याला काहीही किंमत उरत नाही, आणि म्हणूनच मोटार वाहन कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही बाहेरून मोजता येणारी मर्यादा घातली आहे. घरी कसे परतायचे हा निर्णय बुद्धी शाबूत असतानाच घ्यावा लागतो. नंतर घेतलेला निर्णय हा निर्णयच नव्हे.

थॉमस नेगल या अमेरिकी तत्त्वज्ञाने ‘नैतिक दैव’ ही संकल्पना, म्हणजे कर्त्याच्या हाती नसलेल्या गोष्टींवर त्याचा दोष ठरणे, मांडताना मद्यपी चालकाचेच उदाहरण घेतले आहे. सारखेच पिऊन दोघे निघतात. एकाच्या वाटेत कोणी येत नाही, दुसऱ्याच्या वाटेत पादचारी येतो. समाज दुसऱ्याला अपराधी मानतो आणि पहिला सुखरूप परतला म्हणून स्वतःला निर्दोष समजून पुढच्या सणाला पुन्हा तेच करतो. परिणामांत जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी दोघांनी स्वीकारलेला धोका एकच होता आणि तोही इतरांच्या जिवावर, हे मान्य करावेच लागेल.

हे दायित्व चालकापाशीच संपत नाही. मनुस्मृतीने सुरापानाला महापातक ठरवून महापातक्याशी संसर्ग हेही महापातक मानले. वर्णभेदावर उभी असलेली ती चौकट आज त्याज्यच आहे, परंतु पाप एकट्याचे नसते ही त्यातील जाणीव टाकून देण्यासारखी नाही. फरक इतकाच की, धर्मशास्त्र पातक्याची संगत सोडायला सांगते, तर येथे कर्तव्य नेमके उलट आहे : प्यालेल्या माणसाला एकटे जाऊ न देणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ नुसार मद्यपान करून वाहन चालवण्यास चिथावणी वा साहाय्य देणाऱ्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा होऊ शकते. म्हणून यजमानांनी मेजवानीच्या आरंभीच गाड्यांच्या किल्ल्या मागून घ्याव्यात, न पिणारा चालक ठरवावा अथवा पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय करावी, आणि पाहुण्यांनीही किल्ली देताना त्यात अपमान मानू नये.