ताकाची पारख

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी म्हणजे पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची वस्ती. बंब, घंगाळी, हंडे इथे मठारून तयार होत. तिथल्या ठोक्यांच्या आवाजातच अण्णांचं कल्हईचं दुकान चालायचं. दुकान कसलं, एक भट्टी, एक भाता आणि बसायला पाट. अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी घाईत काम उरकताना दिसलं की जुनी माणसं विचारतात, "ताक ठेवू का रात्रभर?"

त्यामागची गोष्ट अशी.

तांब्याच्या उघड्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं. खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात. म्हणून आतून कथलाचा हात द्यायचा. कथील 232 अंशांना वितळतं, पण अण्णांना आकडा कधी लागला नाही. घासूनपुसून घेतलेलं पातेलं भट्टीवर तापलं की ते नवसागराची चिमूट टाकत. पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायची. बूड आणि कड मिळते तिथे त्यांचा हात थांबे. "डाव इथेच घासतो," म्हणत ते तिथे पुन्हा एकदा कथील देत.

पुढचं काम घरी व्हायचं. आचाऱ्यांची मोठी पातेली आली की अण्णा प्रत्येकात थोडं ताक ओतून रात्रभर ठेवत. सकाळी पहिला पेला स्वतः पीत, मग काकूंना आणि मुलांना देत. उरलेल्याची कढी होई. ती पोरं लोकांच्या भांड्यांतलं ताक पिऊनच मोठी झाली म्हणा ना! कुणी हसलं तर अण्णा म्हणत, "जे माझ्या पोरांना चालत नाही, ते दुसऱ्याच्या पंगतीला कसं चालेल?" धाकटीचा ताप उतरेपर्यंत दुकान बंद ठेवणारा हा माणूस, घरात आणि गिऱ्हाइकात त्याने कधी भेद केला नाही. मला त्यांचं हेच मोठेपण वाटतं.

अण्णा गेल्यावर भट्टी मुलाकडे आली. हात त्याचाही चांगला होता, पण कथील महागलेलं, डोक्यावर आजारपणाचं कर्ज. लग्नसराईत एका आचाऱ्याची सहा पातेली आली. मुलाने रात्री उशिरापर्यंत बसून सगळी उजळवली. शेवटच्या दोन पातेल्यांना कथील पुरेना, तेव्हा आहे तेच ताणून पसरवलं. वरून चांदीसारखी चकाकत होती. धुऊन, पालथी घालून तो झोपला.

काकूंनी मात्र झोपण्याआधी नेहमीप्रमाणे प्रत्येक पातेल्यात ताक ओतलं. नवरा गेला म्हणून घरची रीत मोडावी, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

सकाळी मुलगा उठला तेव्हा काकू शेवटच्या पातेल्यातून पेला भरत होत्या. ताकाखाली, कडेच्या वळणावर तांबूस झाक दिसत होती. पेला ओठांशी जायच्या आत त्याने तो हातातून काढून घेतला.

"आई, नको. हे राहू दे."

"का रे? बाकीच्यांतलं प्यायले की मी."

त्याला उत्तर देता येईना. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. उठून फडताळातली आपली पैशांची डबी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. "कथील घेऊन ये."

आचारी टेम्पो घेऊन आला तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि मुलगा दोन्ही पातेली पुन्हा घासत होता.

"चार घेऊन जा, ही दोन संध्याकाळी मिळतील," तो म्हणाला.

"अरे, उद्या लग्न आहे! पाचशे पान उठायचंय!"

"म्हणूनच थांबा म्हणतोय," मुलगा म्हणाला आणि भाता ओढायला बसला.