उणे ४०

मे महिन्यातला भंडारा. पारा ४५ च्या घरात, सावलीलाही चटका. आणि महामार्गाकडेच्या गॅरेजात एका जुन्या मारुतीला जोडलेला स्कॅनर सांगतोय, इंजिनचं तापमान उणे ४० अंश. गाडीवाला हसतो. "सेन्सर गेला वाटते. नवाच टाकून द्या ना." मिस्त्री हसत नाही, हा आकडा त्याच्या ओळखीचा आहे. "थांबा ना भाऊ, आधी वायर पाहू द्या."

२००० च्या सुमारास आपल्याकडच्या छोट्या गाड्यांतला कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि किती पेट्रोल सोडायचं हे एक कॉम्प्युटर ठरवू लागला. त्याला स्वतःला काहीच दिसत नाही. चारी बाजूंचे सेन्सर सांगतील तेच त्याचं जग. इंजिनच्या पाण्याची खबर देणारा सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटच्या आसपास सापडतो, बोटाच्या पेराएवढा. गार असला की तो विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. आता कपलर निसटला, आत हिरवा गंज चढला किंवा उंदरानं वायर कुरतडली (धानाच्या जिल्ह्यात उंदरांना काय तोटा!), तर वीज पार अडते. निरोप आलेलाच नसतो, पण आकड्यात त्याचा अर्थ लागतो कडाक्याची थंडी. म्हणून ते उणे ४०. मग डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटतो. काही गाड्यांत कॉम्प्युटर इंजिन गारठलंय असं धरून जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो. काळा धूर निघतो, अ‍ॅव्हरेज पडतं.

मिस्त्री कपलर काढतो आणि त्याची दोन टोकं वायरच्या तुकड्यानं क्षणभर जोडतो. स्कॅनरवरचा आकडा एकदम वर उसळला, तर वायर शाबूत आहे, दोष सेन्सरचा. मग तो खुशाल बदलावा. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, नवा सेन्सर आधी हातानं फिरवून आट्यांत बसवायचा, पान्यानं बेतानं आवळायचा, सांडलं तेवढं कूलंट भरायचं. पण आकडा जागचा हललाच नाही, तर नव्या सेन्सरवर घातलेले पैसे पाण्यात. तक्रार कुठून आली एवढंच स्कॅनर सांगतो. चूक कोणाची, ते शोधावं लागतं, आणि चांगला मिस्त्री त्या शोधाला दहा मिनिटं देतो. मला तर वाटतं, मिस्त्रीची पारख करायची ती इथेच.

घरात आपण इतका धीर धरत नाही. पुण्याला गेलेल्या भावाचा फोन आला नाही, की तो बदलला. वहिनी लग्नात दोन शब्द बोलल्या नाहीत, की त्यांच्या मनात काहीतरी आहे. खबर न मिळाल्याचं आपण थेट थंडपणाच्या खात्यात मांडतो आणि मग आपल्या बाजूनं जास्तीचं ओतू लागतो, टोमणे, खुलासे, तिसऱ्याकडे केलेल्या तक्रारी. त्यांच्याकडे मात्र पोराची परीक्षा चाललेली असते, नाहीतर वहिनींचं त्या दिवशी डोकं दुखत असतं. कधी कधी माणूस खरोखरच दुरावलेला असतो, नाही असं नाही. पण ते विचारल्याशिवाय कळायचं कसं? आज डबा भरून झाला की बस यायच्या आधी असा एक राहिलेला फोन लावून टाका. मागचा विषय काढू नका. "बरा आहेस ना रे?" एवढंच विचारा, आणि त्याला बोलू द्या.