वयवाचक शब्दांचे ऋण : इंग्रजीतील तारुण्यसंज्ञा आणि प्रौढत्वाची सत्ता

एखाद्या व्यक्तीला 'तरुण' म्हणणे हे तिचे वर्णन असते की तिच्याविषयी दिलेला निवाडा? प्रश्न वरवर भाषिक वाटतो. परंतु इंग्रजीतील वयवाचक संज्ञांचा विचार सुरू करताच तो नीतीच्या प्रांतात शिरतो. उंची किंवा वजन सांगणारे शब्द वस्तुस्थिती सांगून थांबतात. वयवाचक शब्द तसे थांबत नाहीत. कोणाचे ऐकावयाचे, कोणाच्या वतीने दुसऱ्याने बोलावयाचे, कोणाला क्षमा आणि कोणाला शिक्षा, याची वाटणीही ते करीत असतात. म्हणूनच हे शब्द वापरण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या अधिकारासोबत कोणते ऋण येते, हे तपासणे अगत्याचे आहे.

'ॲडोलेसंट' आणि 'ॲडल्ट' हे दोन्ही शब्द 'वाढणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत. पहिला वर्तमानकालवाचक धातुसाधितापासून, दुसरा भूतकालवाचक. एक वाढत असलेला, दुसरा वाढून झालेला. प्रौढाची वाढ पूर्ण झाली आहे, हे गृहीतक व्याकरणातच दडलेले आहे. 'इन्फन्ट' म्हणजे मुळात न बोलणारा. 'कॅलो' म्हणजे अद्याप पिसे न फुटलेल्या पिलासारखा. 'ग्रीन' म्हणजे कच्चा. 'इमॅच्युअर' म्हणजे न पिकलेला. या सर्व संज्ञांच्या मुळाशी 'अजून नाही' असा नकार आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे खरे. 'कॅलो' म्हणताना आज कोणाच्याही डोळ्यांपुढे पिलू येत नाही. परंतु नकाराची ती रचना व्यवहारात टिकून राहिली. इंग्लंडच्या कायद्यात एकवीस वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती 'इन्फन्ट' होती. १९६९ च्या 'फॅमिली लॉ रिफॉर्म ॲक्ट'ने ही मर्यादा अठरावर आणली आणि 'मायनर' हा पर्यायी शब्द दिला. तोवर विद्यापीठात निबंध लिहिणारा, वादसभा गाजविणारा वीस वर्षांचा विद्यार्थी कायद्याच्या भाषेत 'न बोलणारा'च होता. त्याला बोलता येत नव्हते असे नाही. त्याचे बोलणे हिशेबात धरले जात नव्हते.

या शब्दसमूहाचे दुसरे लक्षण अधिक सूचक आहे. त्यांतील अनेक शब्द लहानांसाठी नसतातच. 'चाइल्डिश' ही निंदा आणि 'चाइल्डलाइक' ही स्तुती, दोन्ही मुख्यतः प्रौढांच्या वाट्याला येतात. मराठीतील 'पोरकट' आणि 'बालसुलभ' यांचेही तसेच आहे. 'प्युराइल' हे विशेषण बालकाला कोणी लावीत नाही. ते एखाद्या प्रौढाच्या विनोदाला किंवा कादंबरीला लावले जाते. 'यूथफुल' हा गौरव सत्तरीच्या गृहस्थाचा होतो, विशीतल्या मुलाचा क्वचितच. म्हणजे तारुण्य हे येथे वर्णनाचे विषय नसून प्रौढांनी एकमेकांना मोजण्याचे माप आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेला 'टीनएजर' हा शब्द अपवाद वाटतो, कारण त्याच्या मुळाशी केवळ तेरा ते एकोणीस या आकड्यांचा प्रत्यय आहे. परंतु त्या नव्या गटाची दखल प्रथम उत्साहाने घेतली ती बाजारपेठेने. ज्याला नागरिक म्हणून अजून मोजले जात नव्हते, तो ग्राहक म्हणून मोजला जाऊ लागला.

येथवरचे विवेचन एवढेच दाखविते की, हे शब्द तटस्थ नाहीत. तेवढ्याने ते अनीतिमान ठरत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला करार करता येऊ नये, हे योग्यच आहे. 'मायनर' या संज्ञेत एक अलिखित देवघेव आहे. ती व्यक्तीकडून स्वातंत्र्य काढून घेते. त्याच्या बदल्यात संरक्षण देते. आणि हा व्यवहार केव्हा संपेल, याची तारीख ठरवून देते. स्वातंत्र्याचा संकोच, संरक्षणाचे वचन आणि समाप्तीची मुदत या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच वयवाचक शब्दाला नैतिक आधार राहतो. पहिली घेऊन उरलेल्या दोन नाकारल्या की तो शब्द निव्वळ सत्तेचे हत्यार बनतो. प्रस्तुत विवेचनाचा हाच निकष आहे.

या निकषावर काही प्रसिद्ध प्रयोग तपासता येतील. १७८४ च्या निबंधात कांटने प्रबोधनाची व्याख्या माणसाने स्वतःवर ओढवून घेतलेल्या अज्ञानदशेतून बाहेर पडणे अशी केली. त्याच्या मूळ जर्मन शब्दासाठी इंग्रजी अनुवादकांनी 'मायनॉरिटी', 'इमॅच्युरिटी', 'ट्यूटेलेज', 'नॉनएज' असे निरनिराळे पर्याय योजले. यांतील 'मायनॉरिटी' कायद्याकडे बोट दाखवितो, तर 'इमॅच्युरिटी' स्वभावदोषाकडे. एकात पालक बाहेर उभा असतो, दुसऱ्यात दोष आत असतो. कांटच्या मांडणीत मात्र या अवस्थेला अंत आहे, आणि तो अंत घडवून आणण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर आहे.

१८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑन लिबर्टी'त जॉन स्टुअर्ट मिलने हीच संज्ञा वेगळ्या कामाला लावली. स्वातंत्र्याचे तत्त्व अल्पवयीनांना लागू नाही असे सांगून तो लगेच पुढे जातो आणि मागासलेल्या समाजांतील संपूर्ण वंशच जणू अल्पवयात आहे असे मानून त्यालाही वगळतो. १८२३ ते १८५८ या काळात मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, हे येथे विसरता येत नाही. व्यक्तीच्या अल्पवयाची समाप्ती दिनदर्शिकेवर दिसते. समाजाच्या अल्पवयाची समाप्ती कोण ठरविणार? जो पालक म्हणून राज्य करतो, तोच. स्टॅन्ली हॉलने १९०४ च्या 'ॲडोलेसन्स' या द्विखंडात्मक ग्रंथात एका प्रकरणाच्या शीर्षकातच 'ॲडोलेसंट' वंशांची कल्पना मांडली. म्हणजे किशोरवयाला आधुनिक मानसशास्त्राचा विषय बनविणाऱ्या ग्रंथातच त्याचे वसाहतवादी रूपक तयार मिळते.

अमेरिकेच्या वांशिक इतिहासात ही देवघेव दोन्ही बाजूंनी मोडलेली दिसते. दक्षिणेतील प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषाला 'बॉय' म्हणण्याची रीत होती. या संबोधनाला मुदत नव्हती आणि त्यात संरक्षणही नव्हते. १९६८ मध्ये मेम्फिसच्या संपकरी सफाई कामगारांनी हाती घेतलेल्या 'आय ॲम अ मॅन' या फलकातील 'मॅन' या शब्दात माणूसपण आणि प्रौढत्व हे दोन्ही दावे एकवटले होते; मराठीत केवळ 'मी माणूस आहे' असा अनुवाद केला की त्यातील वयाचा दावा निसटतो. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही नोकरीतील भेदभावाच्या एका खटल्यात स्पष्ट केले की, 'बॉय' या शब्दाला वंशवाचक विशेषण जोडलेले नसले तरी संदर्भानुसार तो द्वेषाचा पुरावा ठरू शकतो.

याच्या नेमके उलट, खरोखर अल्पवयीन असलेल्यांकडून बाल्य काढून घेण्यात आले. १९९५ मध्ये राज्यशास्त्रज्ञ जॉन डियूलिओ याने 'सुपरप्रीडेटर' हा शब्द प्रचारात आणला. निर्दय किशोर गुन्हेगारांची लाट येणार असल्याचे ते भाकीत होते. लाट आली नाही. किशोरांचे हिंसक गुन्हे उलट घटले. मात्र त्या दशकात अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांनी किशोरांवर प्रौढ म्हणून खटले चालविण्याच्या तरतुदी कडक केल्या. पुढे मिलर खटल्यात डियूलिओने स्वतः किशोरांच्या बाजूने सादर झालेल्या निवेदनावर सही केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किशोरांसाठी सुटकेची शक्यता नसलेली अनिवार्य जन्मठेप रद्द ठरविली. 'चाइल्ड'च्या जागी श्वापदवाचक शब्द आला की क्षमेचा प्रश्नच उद्भवत नाही, हे येथे दिसते. सन्मान देण्याची वेळ आली की 'बॉय', क्षमेची वेळ आली की प्रौढ. अशा रीतीने एकाच समाजगटाला दोन्ही वयांचे तोटे मिळाले.

इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या भारतीय कायद्यातही हा ताण उतरला आहे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात 'ज्युव्हेनाइल' म्हणजे सोळा वर्षांखालील मुलगा किंवा अठरा वर्षांखालील मुलगी; २००० मध्ये मर्यादा दोघांसाठी अठरा झाली. २०१५ च्या कायद्याने 'ज्युव्हेनाइल' या शब्दाला चिकटलेला कलंक टाळण्यासाठी 'चाइल्ड' हा शब्द स्वीकारला; आरोपी मूल 'विधिसंघर्षग्रस्त बालक' झाले. त्याच कायद्याने निर्घृण गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयोगटातील बालकावर, प्राथमिक मूल्यांकनानंतर, प्रौढ म्हणून खटला चालविण्याची वाट मोकळी केली. फाशी आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप त्याने वर्ज्य ठेवली, हे नमूद केलेच पाहिजे. तरीही शब्द मवाळ होत असताना त्याच्या पोटातील संरक्षण कमी झाले, ही विसंगती उरतेच. शब्द बदलणे म्हणजे ऋण फेडणे नव्हे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, वयवाचक संज्ञांवर एवढा संशय घेतल्यास बालकांचे संरक्षणच धोक्यात येईल. परंतु निकष संज्ञा टाकून देण्याचा नसून त्यांनी दिलेले वचन पाळावयास लावण्याचा आहे. ज्याला 'मायनर' म्हटले त्याला संरक्षण मिळाले पाहिजे, आणि ज्याची मुदत संपली त्याला त्या शब्दातून सोडले पाहिजे. मराठीला या प्रश्नापासून दूर उभे राहता येणार नाही. आपला कायदेशीर व्यवहार अल्पवयीनाला 'अज्ञान' आणि वयात आलेल्याला 'सज्ञान' म्हणतो. जमिनीच्या सातबारावर 'अ.पा.क.' म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता' अशी नोंद असते. वयाचे रूपांतर येथे सरळ ज्ञानाच्या अभावात झाले आहे. मात्र त्या नोंदीला मुदत आहे. मूल सज्ञान झाले की ती काढता येते. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून पन्नाशीच्या गृहस्थाला 'ऑफिस बॉय' म्हणताना मात्र कोणतीही मुदत कोणाच्या मनात नसते. त्याला चहा आणावयास सांगणारा पंचविशीतला अधिकारी 'साहेब' असतो. या दोन शब्दांत वय कोठेच उरलेले नाही; उरली आहे ती केवळ उतरंड.